जॅक उचलला की डाव संपला

ब्रॅकनडेनच्या पार्कात गोळ्यांचा खेळ चालतो, त्या हिरवळीवर नॉरिस कर्शॉ एकतीस वर्षं मोजणारा होता. खेळाडू म्हणून तो अगदीच बेताचा. त्याने सोडलेला गोळा एकतर निम्म्या वाटेत बसकण मारायचा, नाहीतर सरळ कडेच्या नालीत आंघोळीला जायचा. पण कुणाचा गोळा जास्त जवळ यावर दोघा खेळाडूंचं जमेना की सगळे एकच म्हणायचे, "नॉरिसला बोलवा." नॉरिस यायचा, टोपी काढायचा, गुडघ्यावर बसायचा, आणि तो जे सांगेल ते मग बिशपलाही बदलता यायचं नाही.

गावची कापडगिरणी बंद पडेपर्यंत तो साचेखात्यात बिघडलेले माग दुरुस्त करायचा. तिथल्याच टाकाऊ पितळेतून त्याने आपलं मोजायचं साधन बनवलं होतं. एक छोटी डबी आणि तिच्यात गुंडाळलेली बारीक दोरी. डबी जॅकला, म्हणजे ज्याच्या जवळ जायचं त्या छोट्या गोळ्याला, टेकवायची. दोरी एका खेळाडूच्या गोळ्यापर्यंत ताणून चिमटीत धरायची, आणि तीच चिमूट न सोडता दुसऱ्याच्या गोळ्याकडे न्यायची. पोचून उरली तर दुसरा जवळचा, कमी पडली तर पहिला. काम सोपं दिसतं. पण नॉरिसचं म्हणणं असं की माणसाचा डोळा आधीच निकाल लावून मोकळा होतो आणि मग हात त्या डोळ्याचं ऐकतो. म्हणून गोळे फिरत असताना तो कधी बघायचाच नाही. हिरवळीकडे पाठ करून गिरणीच्या बंद धुराड्याकडे बघत उभा राहायचा. त्याची बायको एडना म्हणायची, "नवऱ्याला मॅचला पाठवते की कावळे मोजायला, तेच कळत नाही."

खेळ म्हटलं तर पोराटोरांना समजेल असा. दोन खेळाडू, प्रत्येकाला दोन गोळे. जॅक ज्याच्याकडे, तो रबरी चकतीवर पाय ठेवून आधी जॅक सोडतो, आणि तो निदान एकोणीस मीटर तरी जावा लागतो. मग आळीपाळीने चार गोळे. ज्याचा जवळ त्याला एक गुण, दोन्ही जवळ असतील तर दोन. आणि पुढचा जॅक त्याच्याच हातात. एकवीस झाले की खेळ संपला. मेख निराळीच आहे. हिरवळ मधोमध फुगलेली, चारी कडांना उतरती, आणि गोळ्यांना एका अंगाला कल दिलेला, जॅकलासुद्धा. कल अंगठ्याकडे ठेवून सोडला तर एकीकडे वळणार, करंगळीकडे ठेवला तर दुसरीकडे. त्यामुळे जो सरळ सोडतो तो भलतीकडेच पोचतो. देशाच्या दक्षिणेकडचे लोक गालिच्यासारख्या सपाट हिरवळीवर खेळतात म्हणे. खेळू देत बिचारे.

आणखी एक नियम आमच्याकडे चालायला लागण्याआधी शिकवतात. दोघांचं एकमत झाल्याशिवाय जॅकला किंवा गोळ्याला हात लावायचा नाही. ज्याने आधी हात लावला त्याने तो डाव सोडला, मग त्याचा गोळा जॅकला चिकटून का बसलेला असेना. मोजणाऱ्यालाही नियम आहे: बोलावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. खेळाडू आपसात काय ठरवतात ते त्यांचे ते जाणोत.

बारा वर्षांपूर्वी पार्काच्या चषकाची शेवटची मॅच होरेस लीथ आणि क्लेम कर्शॉ यांच्यात झाली. क्लेम हा नॉरिसचा थोरला भाऊ. गिरणीच्या पिंजणखात्यात होता, आणि गावातल्या चांगल्या खेळाडूंत त्याची गणती व्हायची, पण चषक मात्र त्याला कायम हुलकावणी देत आलेला. त्या दिवशी वीस-वीस झाले. शेवटच्या डावात दोघांचे गोळे जॅकच्या दोन बाजूंना, हातभर अंतरावर, डोळ्यांना अगदी सारखे. क्लेमच मोठ्या ऐटीत म्हणाला, "बोलवा आमच्या नॉरिसला."

नॉरिसने तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "होरेस."

क्लेमने होरेसशी हात मिळवला, आपले गोळे पिशवीत घातले, आणि जाताना भावापाशी थांबून हळू आवाजात म्हणाला, "मी दुसऱ्या कुणाचा भाऊ असतो, तर माझा दिला असतास." त्यानंतर बारा वर्षं तो नॉरिसशी बोलला नाही.

नॉरिसने लबाडी केली असं क्लेमचं म्हणणं नव्हतंच. लबाडीच्या उलट जे काही असतं ते केलं, असं होतं. गाव म्हणेल भावाच्या पदरात घातला, या धास्तीने क्लेमच्या गोळ्याकडे नेताना याने दोरी पुरती न ताणता केसभर सैल सोडली, असं त्याने मनाशी धरलं ते धरलं. आणि नॉरिसची खरी गोची अशी की ते खोटं आहे हे त्यालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा दोन्ही सारखे वाटले होते. दुसऱ्यांदाही सारखेच. सारखे असतील तर सारखे म्हणायचं, कुणालाच गुण नाही, डाव पुन्हा. नियम एवढा सरळ. पण तिसऱ्यांदा दोरी कमी पडली. का पडली? हाताने केलं की अंतराने? हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, एडनालासुद्धा नाही. मोजणाराच 'मला खात्री नाही' म्हणायला लागला तर त्याने डबी नालीत टाकून घरी बसावं, असं त्याला वाटायचं. म्हणून अळीमिळी गुपचिळी.

दोघांची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त सात दारं. बायकांचं येणं-जाणं चालूच राहिलं. क्लेमची बायको विनी मटणाचं सारण भरून पाई भाजायची ती दोन थाळ्यांत, आणि एक थाळी सात दारं ओलांडून यायची. क्लेमला त्याची हरकत नसे, तो फक्त भावाला पाण्यात बघायचा. पार्कात समोर आला तर भलत्याच माणसाला सांगायचा, "त्या मोजणाऱ्याला म्हणावं वाटेतून बाजूला हो." आई गेली तेव्हा दोघांनी शवपेटीला खांदा दिला, एकाने पुढे, एकाने मागे. वाटेत चढावर क्लेम म्हणाला, "मागच्याला म्हणावं जरा उचलून धर." ते ऐकून नॉरिसला तिथल्या तिथे रडू फुटलं, आणि लोकांना वाटलं, आईसाठी.

यंदा क्लेम एकाहत्तर वर्षांचा झाला. पिंजणखात्यातली कापसाची धूळ उभा जन्म छातीत साठवून ठेवलेली, ती आता वसुलीला आली होती. हिरवळ ओलांडताना त्याला दोनदा थांबावं लागे. तरीही एकेकाला हरवत हरवत तो चषकाच्या शेवटच्या मॅचपर्यंत पोचला. समोर डेरेक ऑग्डन, बसचा ड्रायव्हर, अडतीस वर्षांचा, हरणासारखे पाय. क्लबचा दुसरा मोजणारा मुलीकडे कॅनडाला गेलेला. तेव्हा नॉरिसच मोजेल, चालेल ना, असं सेक्रेटरीने जरा घाबरतच दोघांना विचारलं. डेरेक चालेल म्हणाला. क्लेम म्हणाला, "भाऊ चालत नाही असं नियमपुस्तकात कुठे लिहिलंय? नाही ना? मग मला काय विचारतोस?"

ही बातमी विनीकडून एडनाकडे आणि एडनाकडून चहाच्या टेबलावर आली.

"मी नाही जाणार," नॉरिस म्हणाला.

"का? गुडघा धरलाय?"

"गुडघ्याला काय झालंय."

"मग सेक्रेटरीला काय सांगू? एकतीस वर्षं अख्ख्या गावाचं मोजलं आणि भावाचं म्हटल्यावर हातपाय गाळले, असं?"

"तुला कळत नाहीये, एडना. परत वीस-वीस झाले तर?"

"तर मोज."

"आणि परत त्याच्या विरुद्ध गेलं तर?"

एडनाने किटलीवर लोकरीची टोपी चढवली, खुर्चीत बसली, आणि नेहमीचा टोमण्याचा सूर सोडून म्हणाली, "मॅचच्या दुसऱ्या दिवशी विनी त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेणार आहे. छातीचा फोटो काही बरा आलेला नाही. पुढच्या वर्षी क्लेम हिरवळीवर नसेल, नॉरिस."

नॉरिसने चहा संपवला. मग उठून मागच्या दारात बसला आणि बूट पॉलिश करायला लागला. ते आधीच चकचकीत होते.

सप्टेंबरातली शनिवारची दुपार, ऊन मऊ पडलेलं. हिरवळीभोवतीचे बाक भरले होते, आणि बाकांवर मावले नाहीत ते कठड्याला रेलून हातात पाई घेऊन उभे होते. डेरेकने नाणेफेक जिंकली, पण त्याचा पहिलाच जॅक उतारावर वाहत नालीत गेला. मग नियमाप्रमाणे जॅक क्लेमने टाकायचा, पण पहिला गोळा डेरेकचाच. डेरेक आपल्या गोळ्यामागे पळायचा आणि त्याच्याशी बोलायचा, "वळ, वळ, आता बस खाली, बस म्हणतो ना!" क्लेमला पळायची ताकद नव्हती. तो चकतीपाशी उभा राहून नुसता बघायचा, आणि मग सगळे गोळे थांबले की सावकाश निघायचा.

"क्लेम, तुझा गोळा तुझ्याआधी पोचला रे," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"पोचू दे. त्याला घाई आहे, मला नाही."

डेरेक माणूस वाईट नव्हता, पण मॅच ती मॅच. जॅक हातात आला की तो मधल्या फुगवट्यावरून थेट पलीकडच्या कोपऱ्यात सोडायचा. म्हणजे क्लेमला अख्खी हिरवळ तुडवावी लागे. कठड्यावरचे लोक कुरकुरले तर क्लेमनेच त्यांना गप्प केलं. "त्याच्या हातात जॅक आहे. कुठेही टाकेल. उद्या म्हणाल त्याने मला कडेवर घेऊन जावं." अठरा-चौदाने मागे पडला तेव्हा कुठे जॅक परत क्लेमकडे आला. त्याने तो कडेकडेने, जेमतेम जाईल असा सोडला. क्लेमचा पहिला गोळा थांबल्याबरोबर डेरेकने हात वर केला, एकोणीस मीटर भरत नाहीत म्हणून. लांब टेप आणली गेली. नॉरिसने मोजलं आणि म्हणाला, "एकोणीस आणि वर एक वीत." क्लेमने भावाकडे पाहिलंही नाही. तो डाव त्याने घेतला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, प्रत्येक वेळी त्याच कडेने, अंगठ्याच्या कलाने, जसं काही तिथे फक्त त्यालाच दिसणारी चाकोरी होती.

मग डेरेकने एका डावात दोन गुण घेतले, पण लगेच पुढचा डाव क्लेमचा, आणि वीस-वीस झाले. एवढ्या माणसांत एकट्या नॉरिसलाच क्लेमने जिंकायला नको होतं आणि हरायलाही नको होतं. त्याला एकच हवं होतं, शेवटचे गोळे एकमेकांपासून इतके लांब पडू देत की आंधळ्यालाही निकाल दिसावा.

जॅक क्लेमचा होता. त्याने तो कडेने न सोडता पहिल्यांदाच वरून, फुगवट्याच्या खांद्यावरून सोडला, आणि जॅक पलीकडे नॉरिस उभा होता त्या कोपऱ्यापाशी येऊन थांबला. क्लेमचा पहिला गोळा त्याच वाटेने आला आणि जॅकच्या अलीकडे वीतभर अंतरावर बसला. डेरेकचा पहिला बाहेर वाहवला. क्लेमचा दुसरा आखूड पडला. आता डेरेकचा एकच गोळा उरला होता. डेरेकचं व्हायच्या आत आपण पलीकडे पोचलेलं बरं म्हणून क्लेमने त्याला विचारलं, डेरेकने मान डोलावली, आणि क्लेम कडेकडेने चालत, दोनदा थांबत, जॅकपासून चार पावलांवर येऊन उभा राहिला. त्याच्या छातीचा आवाज नॉरिसला ऐकू येत होता.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा नॉरिसने धुराड्याकडे पाहिलं नाही. त्याला मानच वळवता आली नाही.

डेरेकचा गोळा फुगवट्यावरून उतरला, रेंगाळला, आता थांबेल आता थांबेल म्हणता म्हणता आणखी एक घेर घेऊन जॅकच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसला. डेरेक तिकडे टोकालाच होता, या खेपेला तो पळाला नव्हता. बाकांवरून दोन्ही गोळे सारखेच दिसत होते. "मोजा!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच, "नॉरिस! मोजा!"

पण मोजायला बोलवायचं ते खेळाडूंनी. नॉरिस जागेवरच उभा राहिला. त्याच्या जागेवरून सगळं लख्ख दिसत होतं. क्लेमचा गोळा जवळ होता. केसभर नव्हे, चांगला अंगठाभर. दोरीची गरजच नव्हती. क्लेम जिंकला होता. नॉरिसचा हात खिशातल्या डबीवर गेला, कारण एकदा बोलावलं की हे सांगायला त्याला एक क्षण पुरला असता. सबंध आयुष्यात कुठलंही माप इतक्या आनंदाने त्याने सांगितलं नसतं.

क्लेम चार पावलं पुढे आला. एका गोळ्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग डोकं वर करून नॉरिसकडे पाहिलं, बारा वर्षांत पहिल्यांदाच, सरळ. आणि वाकून त्याने जॅक उचलला.

"डेरेक, तुझा," तो मोठ्याने म्हणाला.

डेरेक तिकडून धावत आला. "अहो क्लेम, मोजू द्या ना! निदान मला बघू तरी द्या!"

"काय बघायचंय? जॅक माझ्या हातात आहे. डाव संपला." त्याने दुसरा हात पुढे केला. डेरेकने तो धरला खरा, पण त्याचा चेहरा गोंधळलेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा दिलदार, असं कुणी म्हणालं, आणि म्हाताऱ्याची नजर गेली, असंही कुणी म्हणालं. नॉरिसची डबी खिशातच राहिली. कुणी त्याला बोलावलं नव्हतं.

बक्षिसाचं भाषण सुरू झालं तेव्हा तो औजारांच्या शेडमागच्या बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने क्लेम तिथे आला आणि काही न विचारता शेजारी टेकला.

"कशाला उचललास?" नॉरिस म्हणाला.

"तू बघत होतास," क्लेम म्हणाला. "तू कधी बघत नाहीस."

"तुझा होता, क्लेम. अंगठाभर जवळ होता."

"माहीत आहे मला. छाती गेली माझी, डोळे नाही गेले."

"मग?"

"मग काय? तुला बोलावलं असतं, तू माझा म्हणाला असतास, आणि गाव बोललं असतं की बारा वर्षांनी भावाची भरपाई केली. तुझी एकतीस वर्षं मातीत. आणि समजा तुला परत तसलीच दुर्बुद्धी आठवली असती, भावाला कसं देऊ म्हणून, तर मी परत बारा वर्षं तोंड फिरवलं असतं." तो दम घ्यायला थांबला. "बारा वर्षं माझ्याकडे नाहीत रे आता."

नॉरिस आपल्या चकचकीत बुटांकडे बघत म्हणाला, "त्या वेळी... होरेसच्या वेळी. मी दोरी सैल सोडली की नाही, मला माहीत नाही. अजून नाही माहीत. दोनदा सारखं आलं होतं."

क्लेमने गोळ्यांची पिशवी जवळ ओढली, आणि नॉरिसला वाटलं, आता हा उठून जाणार.

"एवढं एक वाक्य," क्लेम म्हणाला, "त्याच संध्याकाळी सांगितलं असतंस, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्याकडे चहाला आलो असतो."

आईच्या वेळचा तो चढ, गल्लीतली सात दारं, विनीच्या थाळ्या, सगळं नॉरिसपुढे उभं राहिलं, आणि हे सगळं कशासाठी होतं ते त्याला सांगता येईना. त्याने बाहीने डोळे पुसले.

"उद्या ये की मग," तो म्हणाला. "उद्या चहाला."

"उद्या विनी मला हॉस्पिटलात नेणारय. ठेवून घेतात की सोडतात, देव जाणे." क्लेमने बाकाच्या पाठीला धरून स्वतःला उभं केलं. "आत्ताच येतो. चल."

आणि ते गल्लीकडे निघाले, दर पंधरा-वीस पावलांवर थांबत.